बाबांच्या खाटेवर बसून सिग्नल बघणाऱ्या दादांना

दादा,

नमस्कार. नाव लिहू नका म्हणालात म्हणून लिहीत नाही, पण बाबांच्या खोलीपर्यंत वाय-फाय पोचवलंत त्याबद्दल आभार मानल्याशिवाय राहवत नाहीये. काल रात्री एवढा धो धो पाऊस, तरी बाबा नातीशी अर्धा तास बोलले, एकदासुद्धा हॅलो हॅलो करावं लागलं नाही, आणि फोन ठेवल्यावर मला म्हणतात, "तिने केस कापलेत गं." दीड वर्षात त्यांना तिचा चेहरा नीट दिसलाच नव्हता. मला रडूच आलं.

आमचं ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं घर तुम्ही बघितलंच आहे. पुढे वाडा, मधे अंगण, अंगणात कडुनिंब, आणि पार मागे दगडी खोलीत बाबा. ग्वाल्हेरचा दगड, दोन-दोन फुटांच्या भिंती, वर पटिया, म्हणजे दगडी फरश्यांचं छत. तुमच्या आधी तिघं जण येऊन गेले आणि तिघांनीही पैसे आधी घेतले. एकाने सिग्नल पुढे ढकलणारा रिपीटर लावला, तो अंगणसुद्धा ओलांडेना. दुसऱ्याने आउटडोअर मेश म्हणून, एकमेकांना सिग्नल देणारे दोन डबे बाहेर बसवले, शिमग्याच्या सुमारास, झाडाची पानं गळलेली होती तेव्हा मस्त चाललं, पालवी आली तसं रखडायला लागलं आणि पाऊस पडला की ठप्प. फोन केला तर म्हणे झाड तोडा. आजोबांनी लावलेलं झाड! तिसरा तर मागे आलाच नाही, राउटरखाली उभा राहून मोबाईल दाखवला, "देखिए आंटी, सौ आ रहा है," आणि गेला.

तुम्ही शिडी मागायच्या आधी विचारलंत, "काकू, आजोबा फोनवर बोलतात ते नेमकं कुठे बसून?" मग बाबांना विचारून त्यांच्या खाटेच्या कडेला टेकलात, ते धरतात तसा फोन छातीपाशी धरलात आणि मला दार लोटायला सांगितलंत, कारण रात्री ते बंदच असतं. दोन मिनिटं अंधारात तुम्ही गप्प बसून आकडे बघत होतात आणि बाबा तुमच्याकडे बघत होते. दीड वर्षात त्या खाटेवर येऊन कुणी बघितलंच नव्हतं हो. बाकी सगळं विसरेन, हे नाही विसरणार.

पुढचं काम तुमचं तुम्हाला माहीत, मला जेवढं कळलं तेवढं सांगते. ओली पानं वाय-फायचा पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल खाऊन टाकतात म्हणून गच्चीवर पाईप उभा करून डबे एकमेकांना फांद्यांच्या वरून दिसतील असे लावलेत, झाडाची एक डहाळीही न तोडता. दगडाशी भांडत बसायचं नाही म्हणालात आणि खिडकीच्या चौकटीतून तार आत घेऊन खोलीतच एक छोटा डबा दिलात. आधीच्याने चॅनल, म्हणजे सिग्नलची वाट, डब्याने आपली आपण निवडावी म्हणून ऑटोवर सोडला होता, त्यातल्या काही चॅनलवर रडारची चाहूल लागली की डब्याला चॅनल सोडावाच लागतो, तसा नियमच आहे, म्हणून तुम्ही चॅनल 149 वर पक्का केलात, तिथे ती रडारची भानगड नाही. आणि ती तार! आधीची वरून सरळ सॉकेटमधे उतरत होती, पाणी आत जाऊन पिना हिरव्या पडलेल्या. तुम्ही तिला खाली झोळ दिलात, पाणी तिथूनच गळून जातं. काल पावसात मी मुद्दाम छत्री घेऊन बघून आले, झोळाच्या टोकाला थेंब थेंब गळत होतं आणि वर सॉकेट कोरडं ठाक.

हुशार माणसं खूप भेटतात दादा, पण म्हाताऱ्या माणसाला विचारून त्याच्या खाटेवर टेकणारा क्वचितच भेटतो. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा, मनापासून.

बाबा रोज विचारतात, तो मुलगा चहा न घेताच गेला का गं. दौलतगंजकडे आलात की दोन मिनिटं या, ते वाट बघतात.

तुमच्या काकू