माळावर खड्डे काढायच्या आधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या अंकात आमच्या भागातल्या वृक्षारोपणाचा फोटो आलाय, मथळा 'ओसाड माळ होणार हिरवागार'. फोटोतले निम्मे लोक ओळखीचे आहेत, सुट्टीच्या दिवशी घाम गाळणारे, त्यामुळे कुणाला नावं ठेवायला हे पत्र लिहीत नाहीये. पण तो 'ओसाड' शब्द काही डोक्यातून जाईना, कारण काही वर्षांपूर्वी मीच तो मोठ्या तोऱ्यात वापरायचो.

2019 आठवतंय ना, राज्य सरकारच्या 33 कोटी झाडांच्या मोहिमेचं वर्ष. त्याआधी 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी, आणि मग एकदम 33. त्या जुलैत आमच्या गावामागच्या माळावर एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून, हजारेक रोपं आली, त्यात निम्म्याहून जास्त गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, ती कशीही जगते म्हणून. रोपांआधी जेसीबी आला, त्यानं उतारावर सलग समतल चर काढले, आम्ही पोरं टीशर्ट टोप्या घालून खड्ड्यात रोपं लावली, सेल्फी काढले, वडापाव खाल्ला आणि घरी आलो. मेंढरं घेऊन निघालेले एक धनगर बाबा बांधावर उभे राहून बघत होते, ते एवढंच म्हणाले, "पाव्हणं, पवन्या उकरला व्हय सगळा." पवन्या म्हणजे माळावरचं गवत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, शेतकऱ्याच्या घरात जन्मून! मला वाटलं बाबा चराईसाठी कुरकुर करतायत.

आता कळतंय की ते काय सांगत होते. मागच्या वर्षी आशिष नेर्लेकर यांच्या कामाबद्दल वाचण्यात आलं. हे मराठी वनस्पती-अभ्यासक, अमेरिकेत टेक्सासला पीएचडी केलेले, आणि विषय काय तर आपली माळरानं. त्यांनी आणि पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या दिग्विजय पाटील यांनी 2025 मध्ये जो अभ्यास छापला तो वाचून मी उडालोच. आपल्याला शाळेपासून सांगतात ना, की इथं पूर्वी घनदाट जंगल होतं, लोकांनी तोडलं, इंग्रजांनी रेल्वेसाठी तोडलं, मेंढरांनी खाल्लं आणि उरला तो माळ. तर हे खरं का ते बघायला त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या ओव्या, कवनं, कथा, संतचरित्रं काढली, पार 13 व्या शतकापासूनची, आणि त्यात कोणकोणत्या रानझाडांची नावं येतात ते शोधलं. 44 जातींची रानझाडं सापडली आणि त्यातली जवळजवळ दोन तृतीयांश माळावरची, उघड्यावाघड्या काटेरी रानातली, पक्की जंगलातली म्हणावीत अशी अगदी मोजकी. म्हणजे रेल्वे सोडा, शिवाजी महाराजांच्याही आधी इथं माळच होता की.

पंढरीच्या वारकऱ्याला तर हे वेगळं सांगायलाच नको. कान्होपात्रेनं देवळात देह ठेवला तिथं कुठलं झाड उगवलं म्हणतात? तरटी. वड नाही, पिंपळ नाही, कोरड्या मुरमाड रानातलं काटेरी झाड. ज्यानं कुणी ती कथा पहिल्यांदा सांगितली असेल त्याच्या डोळ्यासमोर कसलं रान होतं ते यातच आलं. आजी लहानपणी आम्हाला हे सांगायची, पण माळावरची तरटी दाखव म्हटलं असतं तर मला दाखवता आली नसती, आता मात्र ओळखतो.

आणि माळ म्हणजे एकही झाड नाही असं नसतं बरं का. बोर, हिवर, खैर, पळस असतात, पण लांब लांब, एकमेकांच्या अंगावर न येता, आणि त्यांच्यामधे गवत. पाऊस चारपाचशे मिलिमीटर, मुरूम वीतभर खाली लागतो, त्यात पवन्या, मारवेल, कुसळी असली गवतं आणि त्यांच्यात दडलेले कंद, जे आठ महिने दिसतच नाहीत. या गवतांना ऊन लागतं भरपूर, दाट सावली पडली की संपली. गुरं चरली, वणवा लागून गेला तरी ती बुडख्यातून परत फुटतात कारण त्यांचा जीव जमिनीखाली असतो, पण जेसीबीनं ती जमीनच उलटीपालटी केली तर फुटायचं कुठून? द्वीपकल्पातल्या माळरानांवर दुसरीकडे कुठंच न सापडणाऱ्या वनस्पती दोनशेच्या वर आहेत, हेही नेर्लेकरांच्याच एका अभ्यासातलं. दोनशे! आणि आपण म्हणतो तिथं काही उगवत नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते त्यांचं 2020 चं काम. टेक्सासच्याच जोसेफ वेल्डमन या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी सहा खंडांतले 31 अभ्यास एकत्र केले. एकदा नांगरलेलं किंवा झाडं लावून मोडलेलं गवताळ रान नंतर सोडून दिलं तर पहिल्यासारखं होतं का, हा प्रश्न. तर अशा रानात जुन्या अस्सल माळापेक्षा सरासरी 37 टक्के कमी जाती सापडल्या, आणि ती तूट भरून यायला निदान शंभर वर्षं, बहुतेकदा हजारो, त्यांच्या हिशोबानं सरासरी 1400. मी लगेच आमचे 2019 चे चर बघायला गेलो. रोपं बरीचशी मेलेली, गिरिपुष्प तेवढं माजलंय, आणि चराच्या दोन्ही अंगाला जिथं खालचा मुरूम वर आलाय तिथं गाजरगवत आणि तरवड, चारच पावलं पलीकडे जिथं जेसीबी गेला नव्हता तिथं मात्र पवन्या गुडघ्याएवढा. अगदी रेघ मारल्यासारखं दिसतं. माझ्या हातानं लावलेल्या जागेला अजून 1390 च्या वर वर्षं बाकी आहेत असं म्हणायला हरकत नाही.

कुणी म्हणेल कागदावर तर ती पडीकच आहे ना. तोच तर घोळ आहे. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक, हा इंग्रजांच्या महसुलाचा हिशोब, आणि तोच आपण अजून चालवतोय, केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशात गवताळ रानं जातात, सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. एकदा पडीक म्हटलं की मग काहीही करायला मोकळे, झाडं लावा, सोलरच्या प्लेटा टाका, मुरूम उचला, प्लॉटिंग करा. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक पक्षी कसा दिसेनासा झाला ते तुमच्याच पेपरात कितीदा छापून आलंय. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बघायला आपण पाहुण्यांना घेऊन जातो, आणि त्याच्याच शेजारचं तसलंच रान ओसाड म्हणतो. लांडगा, खोकड, धाविक पक्षी ही सगळी उघड्या रानाची मंडळी, झाडीत त्यांचं काय काम.

झाडं लावूच नका असं माझं म्हणणं नाही. बांधावर लावा, रस्त्याच्या कडेला लावा, शाळेच्या आवारात लावा, आणि जिथं खरंच जंगल होतं त्या घाटमाथ्यावर तर लावाच. पण माळावर पहार मारायच्या आधी गावातल्या एखाद्या धनगराला आणि जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या मास्तरांना नुसतं विचारा तरी, की बाबा इथं आधीपासून काय आहे. फोनला दोन मिनिटं लागतात. आमच्याकडे पुढच्या महिन्यात परत जेसीबी येणार असं ऐकतोय, यावेळी ग्रामसभेत मी हेच बोलणार आहे, बघू किती जण ऐकतात, सरपंच माझे चुलतेच आहेत त्यामुळे निदान बोलू तरी देतील.

तुमच्याकडे एकच मागणं. पुढच्या वेळी 'ओसाड' छापायच्या आधी तुमच्या वार्ताहराला सप्टेंबरच्या शेवटी एकदा सकाळी आमच्याकडे पाठवा, गवत तुऱ्यावर आलेलं असतं, मी स्वतः फिरवून आणतो. फक्त त्यांना सांगा, चांगले मोजे घालून येऊ नका, कुसळं घुसली की घरी गेल्यावर एकेक उपसत बसावं लागतं.

आपला,
एक वाचक, ता. पुरंदर