रोजा तुमचा होता, पाणी मला दिलंत

आदरणीय सर,

पत्राच्या सुरुवातीला सवयीने ‘शि. सा. न. वि. वि.’ लिहिलं आणि खोडलं. शिरसाष्टांग नमस्कार तुम्हाला चालणार नाही. गुरुपौर्णिमेला आम्ही पोरं पाया पडायला वाकलो की तुम्ही कोपराला धरून वर उचलायचात आणि म्हणायचात, “बस, रेई करो.” तेव्हा इथेही रेईच, ज्युदोतलं वाकून अभिवादन. पाठ सरळ, हात मांड्यांवरून गुडघ्यांकडे, वाकताना श्वास सोडत, तुम्ही शिकवलीत तशी.

हे मी चारचौघांत लिहितेय, कारण गेल्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला क्लासला घेऊन आले. फॉर्म भरून झाल्यावर त्यांनी मला जिन्यापाशी बाजूला बोलावलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “ताई, आमच्यात देवाशिवाय कुणापुढे वाकत नाहीत. ती त्या फोटोसमोर वाकणार नाही. चालेल का?” फी कमी करून मागताना माणसाचा आवाज जसा खाली येतो, तसा त्यांचा आला होता. तो आवाज मी ओळखते. आठ वर्षांपूर्वी त्याच जिन्यावर माझ्या पोटातही एक प्रश्न होता, पण विचारायचं धाडस झालं नव्हतं. मी त्यांना वीस मिनिटं जे काही सांगितलं त्यातला शब्द न् शब्द तुमचा होता. घरी आल्यावर वाटलं, हे ज्यांचं आहे त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही.

सगळं पहिल्यापासून लिहिते, कारण त्यातला काही भाग तुम्हालाही माहीत नाही.

आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातले. आजोबा माळकरी, आणि बाराव्या वर्षी पंढरपूरला नेऊन त्यांनी माझ्याही गळ्यात तुळशीची माळ घातली. आमच्या घरचा नियम असा, की माळ गळ्यातून काढायची नाही. तुटली तर दुसरी घालेपर्यंत अन्नाचा कण नाही आणि पाण्याचा थेंब नाही. पुढच्या वर्षी मी तुमच्याकडे ज्युदोला आले. पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलंत, कानात, हातात, गळ्यात काही नको. मी कानातले काढले, आणि माळ गीच्या, म्हणजे ज्युदोच्या जाड अंगरख्याच्या आत, टी-शर्टच्याही आत सरकवून दिली. वर्षभर. तुम्ही कॉलरने गळा आवळायचे डाव शिकवत होतात, गळ्याभोवतीचा दोरा किती घातक ठरू शकतो हे मला कळत होतं. तरी लपवली. त्याबद्दल मी तुमची माफी कधी मागितली नाही, ती आज मागते.

तो शुक्रवार होता, २५ मे २०१८. रमजान लागून आठवडा झाला होता, आणि त्या वर्षी अधिक ज्येष्ठही त्याच अमावास्येनंतर सुरू झालेला, त्यामुळे तुमचा महिना आणि आमचा महिना जोडीने चालले होते. अधिकातली एकादशी. तुमचा रोजा, माझा उपास. बडोद्याचा मे आणि वर पत्र्याचा हॉल. पंखे फिरत होते ते नुसती गरम हवा इकडून तिकडे करायला. जमिनीवरच्या झटापटीत जोडीदारणीने माझी कॉलर धरली, तिच्या बोटांत कॉलरबरोबर दोराही आला आणि तिने ओढलं. आधी गळ्यावर एक जळजळीत रेघ उमटल्यासारखं झालं, मग टप् टप् टप् मणी.

“मात्ते!” थांबा! तुमचा आवाज अजून कानात आहे. त्यामागोमाग, “कोई हिलेगा नहीं.” चौदा-पंधरा मुलं होती तिथल्या तिथे बसली. तुम्ही माझा गळा पाहिलात, श्वास नीट चाललाय ना ते पाहिलंत, आणि मग गुडघ्यांवर बसून मणी शोधायला लागलात. पहिला मणी दिसला तिथे थांबलात, हात मागे घेतलात आणि मला विचारलंत, “मी हात लावला तर चालेल ना?”

मी मान हलवली असेन. मला फक्त तो थांबलेला हात आठवतो. तोपर्यंत मला वाटत होतं की आता रागावणार, घरी पाठवणार, उद्यापासून येऊ नको म्हणणार. ज्या वस्तूबद्दल मी तुमच्याशी वर्षभर खोटं वागले होते, तिला हात लावायची तुम्ही माझ्याकडे परवानगी मागत होतात.

किती असतात, विचारलंत. एकशे आठ. तुमच्या रुमालात एकशे पाच जमले.

मग पाण्याची बाटली पुढे केलीत आणि मी नको म्हटलं. “निर्जला है?” मी रडत रडत नियम सांगितला. माझे हात थरथरत होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. “नियम गेला खड्ड्यात, पाणी पी,” असं कुणीही म्हटलं असतं, आणि कदाचित मी प्यायलेही असते. पुढे मात्र ज्युदोला आले नसते. तुम्ही स्वतः पहाटेपासून पाण्याविना होतात, ओठ सुकलेले दिसत होते. तुम्ही बाटली खाली ठेवलीत, ओला पंचा माझ्या डोक्यावर आणि मानेवर टाकलात आणि आमच्या घरी फोन लावलात. “काका, माळ तुटली आहे. दुसरी असेल तर दारात घेऊन उभे राहा, मी पोरीला घेऊन पाच मिनिटांत येतो. आणि पाण्याचा तांब्या.” रावपुऱ्यातून तुमची स्कूटर त्या दिवशी कशी आली ते मला नीटसं आठवत नाही. आजोबा मात्र खरंच पायरीवर उभे होते, एका हातात माळ आणि दुसऱ्या हातात तांब्या. माळ गळ्यात पडली आणि मी तांब्या तोंडाला लावला. तुम्ही स्कूटरवरून उतरलाही नाहीत. मला पिताना पाहिलंत आणि गेलात. तुमचा रोजा सुटायला अजून तासभर होता.

रविवारी रात्री तुम्ही पुन्हा आलात. मला आतल्या खोलीत पाठवलं होतं, पण मी दाराशीच होते.

आजोबांचा खरा आक्षेप माळेचा नव्हताच. ते म्हणाले, “मास्तर, आम्ही वारकरी. मुंगीवर पाय पडला तरी चुकचुकतो. पोर माणसं आपटायला शिकतेय, हे मला रुचत नाही.” तुम्ही वाद घातला नाहीत. मला बाहेर बोलावलंत, खोलीतली गादी जमिनीवर ओढलीत आणि आजोबांसमोर मला अलगद टाकलंत. मग विचारलंत, “काका, माझा हात कुठे आहे?” तुमच्या हातात माझी बाही होती. पडताना, पडल्यावर, शेवटपर्यंत. बाही वर ओढून धरली म्हणून मी कुशीवर आले आणि डोकं आपटलं नाही. तुम्ही म्हणालात, आमच्यात आधी पडायला शिकवतात, टाकायचं नंतर. टाकणाऱ्याने बाही सोडली तर तो डाव माझ्या लेखी झालाच नाही.

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे फुगडीसारखं. हात सुटला तर दोघीही पडतात.” वारीत विसावा पडला की फुगड्या रंगतात, तशा फुगड्या आजोबा सत्तरीपर्यंत घालायचे. त्यांना तुमचा खेळ त्या एका बाहीतून कळला.

माळेबद्दल बोलतानाही तुम्ही मऊ झाला नाहीत, हे मला मोठेपणी जास्त कळतं. ‘श्रद्धेची गोष्ट आहे, राहू द्या’ असं तुम्ही म्हणाला नाहीत. मॅटवर गळ्यात काहीही चालणार नाही, कारण गळा हाच धोका, हे तुम्ही ठाम सांगितलंत. आणि लगेच लंडन ऑलिंपिकची गोष्ट सांगितलीत. २०१२ साली सौदी अरेबियाची वोजदान शहेरकानी डोकं झाकून खेळायचं म्हणाली तेव्हा ज्युदो महासंघाने आधी नकार दिला होता, कारण गळा आवळण्याच्या डावांत कापड अडकू शकतं. मग दोन्ही बाजू बोलल्या, एक वेगळी टोपी ठरली आणि ती खेळली. ब्याऐंशी सेकंदांत हरली, पण खेळली. तुम्ही म्हणालात, “काका, मला तुमचा नियम मोडायचा नाही. माझाही मोडता येत नाही. मधली वाट तुम्ही सांगा, तुमच्या घरचं तुम्हाला ठाऊक.”

निर्णय आजोबांवर सोपवलात, म्हणूनच तो झाला. त्यांना स्वतःचं हर्नियाचं ऑपरेशन आठवलं. तेव्हा डॉक्टरांनी माळ काढायला लावली होती आणि शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी आधी ती घातली होती, मग पाण्याचा घोट. तेच माझ्यासाठी ठरलं. मॅटवर जाताना माळ काढायची, पाणी प्यायच्या आधी घालायची, पुन्हा काढायची. आजीने जुन्या धोतराची पांढरी पिशवी शिवली. त्या उन्हाळ्यात तुम्ही सगळ्या क्लासलाच दर वीस मिनिटांनी पाण्याची सुट्टी सुरू केलीत. माझ्या एकटीसाठी खेळ थांबतोय असं मला वाटू नये, म्हणून. सुट्टी द्यायचात आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहायचात, आमच्याकडे पाठ करून.

जिल्हा स्पर्धेत पिशवी तुमच्या शर्टाच्या वरच्या खिशात असायची. मी मॅटवरून उतरले की तुम्ही ती आधी द्यायचात, बाटली मग.

फोटोचं मला खूप उशिरा लक्षात आलं. रोज आम्ही सगळे ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांच्या फोटोसमोर झारेई करायचो, गुडघ्यांवर बसून, हात मॅटवर टेकवून. एक दिवस मी तिरक्या नजरेने पाहिलं, तर तुम्हीही वाकत होतात, पण कपाळ जमिनीपासून चांगलं वीतभर वर. मी विचारलं. तुम्ही म्हणालात, रेईत कपाळ टेकवायचं नसतंच. “आणि मी ते एकाच ठिकाणी टेकवतो.” तेव्हाच तुम्ही हेही सांगितलंत, की सुरुवातीची दोन वर्षं तुम्ही तेवढंही वाकत नव्हतात. छातीवर हात ठेवून सरळ उभे राहायचात, आणि तुमच्या गुरूंनी ते चालू दिलं. पुढे विचार करून, वाचून, तुमच्यातल्या जाणत्यांना विचारून तुम्ही तुमचं ठरवलंत. दुसरा कुणी वेगळं ठरवेल, तेही तुम्हाला मान्य होतं.

म्हणून त्या गृहस्थांना मी काही लपवलं नाही. कानोंनी १८८२ साली तोक्योतल्या एका बौद्ध मंदिराच्या बारा चटयांच्या खोलीत कोदोकान, म्हणजे आपली ज्युदोची शाळा, सुरू केलं, हे खरं. जपानमध्ये कित्येक दोजोंत, म्हणजे सरावाच्या हॉलमध्ये, देव्हाऱ्याची फळी असते, तेव्हा लोकांना पडणारा प्रश्न उगाच पडत नाही, हेही खरं. पण कानो पेशाने शिक्षक होते. ज्युदोकडे त्यांनी शिक्षण म्हणून पाहिलं, आणि आपल्या हॉलमध्ये आहे तो एका शिक्षकाचा फोटो आहे. तुमची मुलगी छातीवर हात ठेवून उभी राहील. जोडीदाराला मात्र कळलं पाहिजे की ती तयार आहे आणि त्याला जपणार आहे, ते कसं कळवायचं ते आपण मिळून ठरवू. आणि पुढे स्पर्धेत उतरली तर तिथे वाकणं नियमातच आहे, हे आजच सांगते, नंतर फसवल्यासारखं वाटायला नको. हे शेवटचं वाक्यही तुमचंच.

सर, ‘सगळे धर्म एकच’ असं तुमच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. दसऱ्याला पालकांनी फोटोला हार आणि नारळ आणला, तेव्हा तुम्ही नारळ दाराबाहेर फोडायला लावलात आणि करवंटीचे तुकडे मॅटवर येऊ नयेत म्हणून स्वतः झाडू मारलात. प्रसाद घेतला नाहीत. हात जोडून ‘हे मला चालत नाही’ म्हणालात, आणि नैवेद्याला न दाखवलेल्या खोक्यातला पेढा मागून खाल्लात. कुणालाही वाईट वाटलं नाही. माझं वेगळेपण तुम्ही माझ्या वजनासारखं, उंचीसारखं धरलंत. आहे ते आहे, आता याच्यासह डाव कसा बसवायचा ते बघू.

तुम्हाला यासाठी बोलणी खावी लागली, हे मला नंतर कळलं. आमच्याकडच्या काहींनी बाबांना विचारलं होतं, पोरीला तिकडे कशाला पाठवता. तुमच्याकडच्यांनीही नारळावरून तुम्हाला ऐकवलं असणार. आजोबांनी आमच्याकडच्यांना एकच उत्तर दिलं. लहानपणी ते जुम्मादादा व्यायाममंदिरात मल्लखांबाला जायचे, माणिकरावांनी आपल्या मुसलमान गुरूच्या नावाने चालवलेल्या. ते म्हणाले, “माणिकराव कुणाचे चेले होते? पाटीवर नाव कुणाचं आहे? बडोद्यात राहून मला हे विचारता?” त्यानंतर कुणी विचारलं नाही.

त्या दिवाळीत मॅट उचलून हॉल धुतला तेव्हा दोन मणी सापडले. वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून तुम्ही ते घरी आणून दिलेत. आजोबांनी ते माझ्या माळेत ओवले आणि एकच नवा मणी घातला. आजोबा गेले त्या दिवशी ती माळ माझ्या गळ्यात होती, आताही आहे. नवा मणी कुठला ते आता ओळखू येत नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही जिना चढत नाही, असं कळलं. कार्तिकी एकादशीला विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघेल, त्या दिवशी क्लास बंद ठेवतेय. संध्याकाळी मी आणि आई तुमच्याकडे येऊ. आईने विचारलंय, साबुदाण्याचे वडे चालतील ना? प्रसादाचे नाहीत, वेगळे तळलेले.

तुमची विद्यार्थिनी