पीप्सची मेजवानी

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील रोजनिशीकारांवरील लेखात सतराव्या शतकातील लंडनच्या सॅम्युएल पीप्सच्या खाण्यापिण्याच्या नोंदी ‘निव्वळ खादाडपणा’ म्हणून निकालात काढल्या आहेत, ते पटले नाही. भुलीचे औषध नसलेल्या त्या काळात, २६ मार्च १६५८ रोजी, पीप्सने मूत्राशयातील खड्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि तीतून जिवंत वाचल्याबद्दल दरवर्षी त्या दिवसाप्रीत्यर्थ मेजवानी द्यायचे ठरवले. ४ एप्रिल १६६३ ची प्रसिद्ध नोंद त्याच मेजवानीची, त्या वर्षी काही दिवस उशिरा झालेली: ससा व कोंबडीचे फ्रिकासी, उकडलेली मेंढीची तंगडी, तीन कार्प मासे, भाजलेली कबुतरे, चार शेवंडे आणि उत्तम वाइन. हे सारे घरातल्या एकुलत्या एक मोलकरणीने किती नेटके रांधले, हेही तो समाधानाने लिहून ठेवतो. त्या काळच्या किती लेखकांनी स्वयंपाक करणाऱ्या हातांची अशी दखल घेतली? वाइन सोडण्याच्या शपथा घेणारा आणि त्या मोडल्यास गरिबांच्या पेटीत दंड टाकणारा हा माणूस स्वतःच्या चैनीकडे डोळसपणे पाहत होता. लेखात शस्त्रक्रियेचा उल्लेख तरी यायला हवा होता.

– एक वाचक, पुणे