एकच पत्रक, दोन वेगळ्या जखमा: आपल्या आफ्टरकेअर किटबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय: टॅटू व पिअर्सिंग आफ्टरकेअर किटमधील चुकीच्या सूचना, स्प्रेवरचं दिशाभूल करणारं लेबल आणि सोबत आलेली बाळी

महोदय/महोदया,

आपल्या किटबद्दल मी याआधी दोन ईमेल पाठवले. दोन्हींना शब्दन् शब्द एकच उत्तर आलं: "प्रत्येकाची त्वचा वेगळी असते, त्यामुळे परिणाम वेगळे दिसू शकतात." म्हणून आता हे सविस्तर पत्र. माझी तक्रार माझ्या त्वचेबद्दल नाही, आपल्या पत्रकाबद्दल आहे.

एकाच दिवशी मी डाव्या हातावर टॅटू काढून घेतला आणि उजव्या कानाच्या वरच्या कडेला, म्हणजे हेलिक्सला, पिअर्सिंग करून घेतलं. दोन्ही कामं नीटनेटक्या स्टुडिओत, माझ्यादेखत पाकीट फोडलेल्या सुयांनी झाली. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. निघताना पिअर्सरनं बजावलं होतं, "कान सलाइननं साफ करा, बाकी काहीही लावू नका." पण आपलं किट मी आठवडाभर आधीच मागवून ठेवलं होतं. त्यात स्प्रेची बाटली, मलमाची ट्यूब, चिकट फिल्मचे तुकडे, भेट म्हणून एक बाळी आणि चार घड्यांचं गुळगुळीत पत्रक. तोंडी सांगण्यापेक्षा छापलेलं मला जास्त खरं वाटलं. ही चूक माझी. पुढच्या मात्र आपल्या.

पत्रकाच्या पहिल्याच घडीवर ठळक अक्षरांत लिहिलंय: "टॅटू असो वा पिअर्सिंग, काळजी एकच!" सगळं बिनसलं ते इथूनच. टॅटूची सुई रंग त्वचेत साधारण १ ते २ मिलिमीटर खोल सोडते. जखम पसरट, पण उथळ, खरचटल्याच्या जातीची. तिचा वरचा थर २ ते ४ आठवड्यांत धरतो. पिअर्सिंग हे आरपार भोक असतं आणि त्यात धातूची दांडी कायम बसलेली असते. शरीर तिला बाहेर टाकू शकत नाही, म्हणून तिच्याभोवती आतून नव्या कातडीचं अस्तर तयार करत जातं, दोन्ही तोंडांकडून आत, सावकाश. एकीला हलका ओलावा लागतो. दुसरीला स्वच्छ ठेवून तिच्या वाटेला न जाणं, एवढंच पुरतं. या दोघींना एकाच ट्यूबमधलं मलम आणि एकच वेळापत्रक देण्यामागे किट स्वस्तात बांधणं याखेरीज मला कारण सापडत नाही.

आता सूचना एकेक घेते.

"दागिना चिकटू नये म्हणून दिवसातून तीनदा गोल फिरवा." हा जुना सल्ला आहे, मीही लहानपणापासून ऐकत आलेय, म्हणूनच मला शंका आली नाही. दांडीवर जी फिकट पिवळी खपली जमते ती पू नसते, वाळलेली लस, म्हणजे जखमेतून झिरपणारं पाणी असतं. फिरवलं की ती करकरीत खपली भोकात ओढली जाते आणि आतलं कोवळं अस्तर फाटतं. मी रोज तीनदा, घड्याळ लावून, स्वतःची जखम पुन्हा पुन्हा उघडत होते. पाचव्या दिवशी दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलं, तेव्हा पत्रकात पाहिलं. तिथे लिहिलं होतं: "थोडा त्रास स्वाभाविक आहे, फिरवणे थांबवू नका."

स्प्रेबद्दल मला सर्वांत जास्त राग आहे. बाटलीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'सलाइन' लिहिलंय. जखमेसाठीचं सलाइन म्हणजे निर्जंतुक पाणी आणि ०.९ टक्के सोडियम क्लोराइड, बास. आपल्या बाटलीच्या तळाशी, मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठं करून वाचावं लागलं अशा अक्षरांत, अल्कोहोल, टी ट्री तेल आणि सुगंध हेही आहेत. अल्कोहोल जंतूंबरोबर नव्यानं वाढणाऱ्या पेशीही मारतं आणि कातडी कोरडी पाडतं. टी ट्री तेलानं आणि सुगंधी द्रव्यांनी ताजी जखम भाजल्यासारखी होऊ शकते. माझी झाली. फवारल्यावर जी आग व्हायची तिला आपलं पत्रक "औषध काम करत असल्याची खूण" म्हणतं. खऱ्या सलाइननं आग होत नाही. हे मला कळलं ते दवाखान्यात.

मलम "दोन्ही जागी जाडसर थर" लावायला सांगितलंय. टॅटूवरसुद्धा ते पातळ, जेमतेम ओलसर दिसेल इतकंच हवं. थर जाड झाला की खाली ओल कोंडते, खपल्या फुगतात आणि निघताना रंग घेऊन जातात. माझ्या टॅटूतल्या एका पानाची कड तशीच पुसट झालीय. कानाच्या भोकावर मलम म्हणजे बुचच. आतली लस बाहेर यायला वाट राहत नाही.

आणि मग ती बाळी. पत्रक म्हणतं, "दोन आठवड्यांत जखम पूर्ण बरी होते, आता आमची खास भेट घाला." कानाच्या मऊ पाळीलासुद्धा ६ ते ८ आठवडे लागतात. वरच्या कडेला कूर्चा, म्हणजे लवचिक मऊ हाड असतं, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, आजूबाजूच्या आवरणातून जे मिळेल त्यावर तिचं भागतं. त्यामुळे तिथलं पिअर्सिंग भरायला ६ महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ जातो. मी पंधराव्या दिवशी स्टुडिओनं घातलेली दांडी काढली. ती मुद्दाम थोडी लांब असते, सूज आली तर कातडीत रुतू नये म्हणून. हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. तिच्या जागी आपली बाळी बसवली. बाळी हलते, केसांत, उशीत अडकते, आणि प्रत्येक हिसका थेट जखमेला बसतो. तिच्या पाकिटावर फक्त 'हायपोअलर्जेनिक', म्हणजे अ‍ॅलर्जीची शक्यता कमी, असं लिहिलंय. हा शब्द धातूचं नाव नाही. ताज्या पिअर्सिंगसाठी इम्प्लांट दर्जाचं टायटॅनियम वापरतात, त्याला एएसटीएम एफ १३६ असं मानक आहे. निकेल असलेल्या धातूनं अनेकांना खाज आणि पुरळ येतं, म्हणूनच युरोपीय संघानं टोचलेल्या जागी घालायच्या दागिन्यातून किती निकेल सुटलं तर चालेल याची मर्यादा आठवड्याला दर चौरस सेंटीमीटर ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी अशी ठरवली आहे. आपली बाळी कशाची, हे मी दोन्ही ईमेलमध्ये विचारलं. उत्तरात माझी त्वचा वेगळी निघाली.

बाळी घातल्यावर तिसऱ्या रात्री कान लाल, गरम आणि दुप्पट जाड झाला. ठणका असा की त्या कुशीवर डोकं टेकवता येईना. सकाळी हिरवट पू आणि अंगात ताप. पत्रकाचा शेवटचा सल्ला: "संसर्ग वाटल्यास दागिना तात्काळ काढून टाका." नशिबानं तोवर माझा पत्रकावरचा विश्वास उडाला होता. डॉक्टरांनी आधी विचारलं, "स्वतः काढला नाहीत ना?" दागिना काढला की वरची तोंडं मिटू शकतात आणि पू आत कोंडून गळू होतं, ठेवायचा की काढायचा हे तपासून ठरवायचं असतं. त्यांनी बाळीच्या जागी निर्जंतुक केलेली सरळ दांडी घातली, पुवाचा नमुना तपासणीला पाठवला आणि अँटिबायोटिक सुरू केलं. कूर्चेच्या संसर्गात बऱ्याचदा सापडणारा सुडोमोनास हा जिवाणू नेहमीच्या अनेक अँटिबायोटिकना दाद देत नाही. दोन-चार दिवस घरी काढले असते तर कूर्चा गळून कानाचा आकार कायमचा बिघडला असता, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. माझा कान वाचला. भोकाशेजारी एक गाठ राहिलीय, ती बसायला किती दिवस लागतील ते बघायचं.

फिल्मबद्दल थोडक्यात. वस्तू म्हणून ती चांगली आहे, हे प्रामाणिकपणे लिहिते. पण "७ दिवस अजिबात काढू नका" हे चूक. दुसऱ्याच दिवशी माझ्या फिल्मखालची लस आणि शाई कडेनं गळू लागली. कड सुटली की जंतूंना आत जायला दार उघडलं. तेव्हा ती काढून, हात धुऊन, कोमट पाणी आणि बिनवासाच्या सौम्य साबणानं टॅटू धुवायचा आणि स्वच्छ कागदानं टिपून कोरडा करायचा. एवढी एक ओळ पत्रकात मावली नाही. आपल्या इतर उत्पादनांची जाहिरात दीड घडीभर मावली.

आता "प्रत्येकाची त्वचा वेगळी" याबद्दल. चिकटपट्टीनं कुणाला पुरळ येईल, लाल शाई कुणाला सोसणार नाही, हे माणसागणिक बदलतं, मान्य. पण कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसणं, अल्कोहोलनं नव्या पेशी मरणं आणि दांडी फिरवल्यानं अस्तर फाटणं हे कुणाच्याही कानाला लागू आहे.

माझी मागणी अशी. हे पत्रक असलेली किटं विक्रीतून काढा आणि टॅटूसाठी व पिअर्सिंगसाठी स्वतंत्र पत्रकं, कुणातरी त्वचारोगतज्ज्ञाकडून तपासून, छापा. बाटलीवरचा 'सलाइन' हा शब्द तरी काढा किंवा आत खरं सलाइन तरी भरा. ज्यांनी हे किट घेतलंय त्या सगळ्यांचे ईमेल पत्ते आपल्याकडे आहेत, कारण सवलतींचे मेसेज मला दर दोन दिवसांनी येतात. त्याच पत्त्यांवर "दागिना फिरवू नका, दोन आठवड्यांत बदलू नका, पसरत जाणारी लाली, हिरवट पू किंवा ताप दिसला तर दागिना न काढता डॉक्टरांकडे जा" एवढं तरी आजच कळवा. माझ्या पैशांच्या परताव्याआधी हे झालं तरी चालेल. किटची किंमत आणि दवाखान्याचा खर्च मात्र मी सोडणार नाही. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे हेच पत्र जाईल.

सोबत: खरेदीची पावती, पत्रकाच्या सर्व घड्यांचे व बाटलीच्या तळाचे फोटो, कानाचे तारीखवार फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी आणि तपासणी अहवाल.

आपली,
एक ग्राहक

ता. क.: बाळी परत पाठवत नाहीये. ती कोणत्या धातूची आहे हे आपल्याकडून लेखी येईपर्यंत ती दवाखान्याच्या पाकिटात, माझ्याकडेच राहील.