शेंगदाण्यावरील बुरशीचा जनुकीय अभ्यास सोलापुरात व्हावा

महोदय,

सोलापूरच्या शेंगाचटणीचे कौतुक सर्वत्र होते. परंतु शेंगदाण्यावर वाढणाऱ्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीकडे हवे तेवढे लक्ष जात नाही, म्हणून हे पत्र.

ही बुरशी मुळात मातीतली. शेंगा भरताना पावसाने ताण दिला आणि जमीन तापली, की ती शेंगेत शिरते व माल ओलसर राहिल्यास साठवणीतही वाढत जाते. तिच्यापासून तयार होणाऱ्या अफ्लाटॉक्सिनमुळे यकृताचा कर्करोग होऊ शकतो. दाणे भाजल्याने हे विष पूर्ण नष्ट होत नाही. तेल काढल्यावर ते बहुतांशी पेंडीत राहते आणि पेंड खाणाऱ्या जनावरांच्या दुधात थोड्या बदललेल्या रूपात उतरते. 1974 मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली होती.

वास्तविक हे विष बुरशीच्या वाढीला आवश्यक नसते. ते दुय्यम चयापचयातून, म्हणजे वाढीसाठी अत्यावश्यक नसलेल्या रासायनिक क्रियांतून, तयार होते आणि त्यासाठी लागणारी सुमारे 25 ते 30 जनुके एकाच गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात. त्यांपैकी एखादे महत्त्वाचे जनुक निकामी झाले तरी विषनिर्मिती थांबते, त्यामुळे एकाच शेतात या बुरशीचे विषारी आणि निर्विष असे दोन्ही प्रकार आढळतात. अमेरिकेतील ॲरिझोनात कापसाच्या शेतांत वापरल्या गेलेल्या एएफ36 या निर्विष प्रकारात तर जनुकातील केवळ एका अक्षराच्या (डीएनएच्या एका घटकाच्या) बदलाने विषनिर्मिती सुरुवातीलाच खुंटली आहे. नायजेरियात स्थानिक निर्विष प्रकारांचे बीजाणू निर्जीव केलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर चढवून ते दाणे हेक्टरी 10 किलो या प्रमाणात उभ्या पिकात टाकतात. निर्विष बुरशी आधीच जागा व्यापते आणि विषारी प्रकारांना वाव उरत नाही. यासाठी लागणारी ज्वारी तर आपल्या जिल्ह्याचेच पीक आहे!

मात्र बाहेरचे प्रकार आणून येथे सोडणे मला योग्य वाटत नाही. आपल्या मातीत आणि उन्हात टिकलेले प्रकारच शोधावे लागतील. सोलापूर विद्यापीठ आणि राहुरीचे कृषी विद्यापीठ यांनी मिळून जिल्ह्यातील भुईमुगाच्या शेतांतून या बुरशीचे नमुने गोळा करावेत, त्यांची जनुके तपासावीत आणि निर्विष प्रकारांच्या चाचण्या घ्याव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तोपर्यंत शेंगा ओलावा 8 टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत वाळवण्याचा सल्ला गावोगावी पोहोचवावा, तसेच बाजारातील शेंगदाण्याबरोबर पशुखाद्याच्या पेंडीचीही नियमित तपासणी व्हावी.

आपला विश्वासू,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, सोलापूर