बालवर्गातील मुलांच्या उबदार कपड्यांसाठी आवाहन

सर्व पालक, माजी विद्यार्थी व हितचिंतक यांना सप्रेम नमस्कार.

थंडीचे दिवस जवळ आले की आपल्या शाळेत उबदार कपडे गोळा केले जातात आणि आपण सर्वजण त्यास मनापासून प्रतिसाद देता. यंदा पालक-शिक्षक संघाची विनंती थोडी निराळी आहे. जाड कोट आणि मोठे स्वेटर पुरेसे जमतात. कमी पडतात ते लहान मापाचे पायमोजे, हातमोजे, कानटोप्या, पूर्ण बाह्यांचे आतले बनियन आणि मूल भिजले तर अंगावर चढवायला शाळेतच ठेवलेला एक कोरडा जोड. बालवर्गातील व पहिली-दुसरीतील मुलांना दिवसभर खरी गरज याच वस्तूंची असते, म्हणून या वेळी त्यांवर भर द्यावा, असे आम्हांस वाटते.

लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा अधिक असते, त्यामुळे त्याच्या अंगातली ऊब लवकर निघून जाते. डोकेही शरीराच्या मानाने मोठे असल्याने कानटोपी नसेल तर त्यात भरच पडते. शिवाय खेळात रमलेले मूल आपल्याला थंडी वाजते आहे हे सांगत नाही, आणि अगदी लहान मुलाला ते नीट सांगताही येत नाही. शरीराचे तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते आणि ते ३५ अंशांच्या खाली गेल्यास तातडीच्या वैद्यकीय उपचारांची गरज पडते. शाळेत गोष्टी त्या टोकाला जाऊ दिल्या जात नाहीत, परंतु त्याच्या कितीतरी आधी मुलाची बोटे आखडतात, पेन्सिल हातात धरवत नाही आणि मैदानावर जायचे म्हटले की ते कोपरा धरून बसते. खेळण्या-शिकण्यातले असे तास केवळ कपड्यांअभावी वाया जावेत, हे आम्हांला मान्य नाही.

एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातलेले अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांच्या थरांमध्ये अडकलेली हवा अंगातली ऊब धरून ठेवते आणि धावून घाम येऊ लागला तर वरचा एखादा कपडा काढता येतो. अंगालगतचा कपडा कोरडा राहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. पाणी हवेच्या तुलनेत २० पटींहून अधिक सहजतेने उष्णता वाहून नेते, म्हणून घामाने किंवा दवाने ओला झालेला कपडा कितीही जाड असला तरी मुलाला गारठवतोच. सुती कापड ओल धरून ठेवते आणि सावकाश वाळते. लोकर मात्र थोडी ओलसर झाली तरी काही प्रमाणात ऊब देते. याच कारणाने आम्ही पायमोज्यांचा इतका आग्रह धरतो. ओल्या पायमोज्यांत मुलाला दिवस काढावा लागू नये म्हणून प्रत्येक वर्गात सुटे जोड असायला हवेत. मात्र एकावर एक दोन पायमोजे घालून बूट घट्ट होणार असतील तर त्याचा उलटा परिणाम होतो, कारण दाबलेल्या पायात रक्त नीट खेळत नाही.

कपडे निवडताना ते मुलाला स्वतः घालता-काढता येतील का, हेही पाहावे. वर्गातल्या सगळ्या मुलांना एकाच वेळी बाहेर जायचे असते आणि शिक्षिकेला दोनच हात असतात. मोठ्या पकडीची चेन, वेल्क्रोच्या पट्ट्या आणि इलॅस्टिकची कंबर असेल तर चिमुकल्या हातांना ते जमते; बारीक बटणे आणि बक्कल असतील तर स्वच्छतागृहात जाताना मुलाची फार तारांबळ होते. हातमोजे चारही बोटे एकत्र आणि अंगठा वेगळा असे असावेत. ते घालायला सोपे असतात आणि बोटे एकमेकांना लागून राहिल्याने अधिक उबदारही असतात.

गळ्याशी किंवा टोपीला लोंबणाऱ्या नाड्या असलेले कपडे आणि लांब मफलर कृपया देऊ नयेत. घसरगुंडीवर किंवा झोपाळ्यावर ते अडकून गळ्याला फास बसण्याचा धोका असतो. मफलरऐवजी डोक्यावरून घालायची, गळ्याशी नीट बसणारी विणलेली पट्टी चालेल.

वापरलेले स्वेटर, जाकिटे व टोप्या स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून आणि चेन चालते की नाही हे पाहून द्याव्यात. पायमोजे आणि आतले बनियन मात्र नवीनच असावेत. ते विकत आणणे शक्य नसल्यास त्यासाठी आपल्या इच्छेनुसार रक्कम शाळेच्या कार्यालयात जमा करून पावती घ्यावी. ही रक्कम केवळ याच दोन वस्तूंच्या खरेदीसाठी वापरली जाईल. ज्यांना विणकाम येते त्यांनी टोप्या व हातमोजे विणून दिल्यास आनंदच होईल, आणि ज्यांच्याकडे शिलाई मशीन आहे त्यांची बिघडलेल्या चेन बदलण्यासाठी, तसेच कपड्यांच्या आतल्या बाजूस नावपट्ट्या शिवण्यासाठी आम्हांला फार गरज आहे.

कपडे कोणाला दिले याची यादी कोठेही लावली जाणार नाही आणि देताना छायाचित्रे काढली जाणार नाहीत. सुटे जोड वर्गातल्या कपाटात राहतील आणि ज्या मुलाला लागतील त्याला शिक्षिका ते सहज काढून देतील, मग ते मूल कोणत्याही घरचे असो. आपल्या पाल्याला कपड्यांची गरज असल्यास वर्गशिक्षिकेच्या कानावर घालणे पुरेसे आहे. अर्ज किंवा दाखला मागितला जाणार नाही.

कपडे निवडून मापानुसार लावण्यास वेळ लागतो, म्हणून थंडी वाढण्याची वाट न पाहता ते शाळेच्या वेळेत कार्यालयात आणून द्यावेत आणि ते अंदाजे किती वयाच्या मुलाला बसतील हे पिशवीवर लिहावे. या कामासाठी एखादी दुपार देऊ शकणाऱ्या पालकांनी आपले नाव कार्यालयात नोंदवावे, ही विनंती.

आपले नम्र,
पालक-शिक्षक संघ