बनी कापूस परत आणायचा, तर आधी त्याची रुई वेगळी ठेवा

मा. संपादक महोदय,

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात कापूस उत्पादकतेसाठी पाच वर्षांचे अभियान जाहीर केले आणि त्यात अतिलांब धाग्याच्या वाणांना प्रोत्साहन देण्याचे म्हटले. तेव्हापासून आपल्याकडेही तामिळनाडूतील ‘सुविन’ या उंची वाणाची चर्चा कानावर येते. उंची कापूस पुन्हा पिकावा ही इच्छा माझीही आहे. कापसाच्या प्रतवारीत ज्याची सारी नोकरी गेली त्याला ती असायचीच. परंतु विदर्भाने सुविनच्या मागे न लागता आपल्याच मातीतून नाहीसा झालेला बनी कापूस परत आणावा, आणि त्यासाठी बियाण्याच्याही आधी खरेदीची आणि जिनिंगची (कापसातून सरकी, म्हणजे बी, काढून रुई वेगळी करण्याची) व्यवस्था लावावी, असे माझे मत आहे.

सुविनच्या गुणांबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. आपला ‘सुजाता’ वाण आणि वेस्ट इंडीजमधील सेंट व्हिन्सेंट बेटावरचा ‘सी आयलंड’ कापूस यांच्या संकरातून कोइमतूरच्या शास्त्रज्ञांनी तो निर्माण केला आणि १९७४ साली तो लागवडीसाठी आला. ३८ ते ४० मिलिमीटर लांबीचा त्याचा धागा १२० काउंटचे (हा आकडा जितका मोठा, तितके सूत तलम) सूत देतो, आणि भारतात याहून तलम कापूस मोठ्या प्रमाणावर कधी पिकला नाही. तरीही त्याचे क्षेत्र आटत गेले, कारण हे पीक सहा-सात महिने शेतात उभे राहते, त्याला ओलीत लागते, कीड लवकर लागते आणि रुईचा उतारा, म्हणजे कापसाच्या वजनात निघणाऱ्या रुईचे प्रमाण, कमी पडतो. संकरित आणि पुढे बीटी कापसाने त्याहून कमी दिवसांत जास्त वजन दिले, तेव्हा शेतकरी तिकडे वळला. त्यातच फेब्रुवारी २०२४ मध्ये ३२ मिलिमीटरपेक्षा लांब धाग्याच्या कापसावरील आयातशुल्क माफ झाले. गिरण्यांची गरज पाहता तो निर्णय समजण्यासारखा आहे, पण इजिप्त आणि अमेरिकेचा कापूस विनाशुल्क दारात येत असताना सुविन पिकवणाऱ्याने कोणत्या भावाच्या भरवशावर पेरणी करावी, याचे उत्तर त्याच धोरणात असायला हवे होते.

विदर्भापुरती अडचण आणखी वेगळी आहे. आपली बहुतांश कपाशी कोरडवाहू आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने यवतमाळपासून नागपूरपर्यंत जे नुकसान केले त्यानंतर कृषी विभाग आणि शास्त्रज्ञ दरवर्षी एकच सांगत आले आहेत, की फरदड (मुख्य वेचणीनंतर तेच पीक राखून घेतलेले पुढचे उत्पादन) घेऊ नका आणि डिसेंबरअखेर शेत मोकळे करा. ज्या भागात अळीची साखळी तोडण्यासाठी पीक लवकर संपवायचे, त्याच भागात उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उभा राहणारा वाण आणणे म्हणजे अळीला बारमाही खाद्य पुरवणे होय. अमेरिकेत जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलिना येथील सी आयलंड कापूस १९२० च्या सुमारास बोंडावरील भुंग्यामुळे संपला. उशिरा पक्व होणारा असल्यामुळे तो इतर वाणांपेक्षा अधिक सापडला. शिवाय सुविन आणि आपली बीटी कपाशी यांचा परस्पर संकर सहज होतो, त्यामुळे चहूबाजूंनी बीटी असताना सुविनचे बियाणे शुद्ध ठेवणे फार कठीण जाईल.

बनीची गोष्ट मात्र आपल्या घरची आहे. एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा, लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानी कापसाकडे लक्ष वळले आणि वर्धा खोऱ्यातील हा देशी कापूस तेथे ‘हिंगणघाट’ या नावानेच ओळखला जाई. देशी कापसात तो सर्वांत तलम आणि लांब धाग्याच्या प्रतींत मोडत असे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी स्वतंत्र कॉटन कमिशनर नेमला गेला, १८६७ साली नागपूरला रेल्वे आली, आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. एवढी मागणी, एवढी सोय असूनही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बनी मागे पडला आणि आखूड, जाड धाग्याच्या कपाशीने शिवार व्यापले.

हे का झाले, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुनरुज्जीवनाचा सगळा प्रश्न तेथेच आहे. जाड कापूस एकरी जास्त पिकत होता आणि त्याचा रुईचा उतारा बनीपेक्षा बराच अधिक होता. दोन्ही कापूस एकाच ढिगात पडत, एकाच जिनमध्ये जात आणि एकाच नावाच्या गाठींत बांधले जात. बनी पिकवणाऱ्याच्या हाती त्याच्या धाग्याचे वेगळे मोल कधी पडले नाही, म्हणून त्याने वजनाचा विचार केला. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. मिसळीची ही खोड इतकी वाढली होती, की १९२१ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती कापूस समितीच्या काळात, १९२३ मध्ये कापूस वाहतुकीवर निर्बंध घालणारा आणि १९२५ मध्ये जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांवर गाठींच्या खुणा बंधनकारक करणारा कायदा करावा लागला. बनीपुरते बोलायचे तर हे कायदे उशिरा आले.

आजची स्थिती या बाबतीत फारशी बदललेली नाही. हमीभाव मध्यम आणि लांब धागा अशा दोन मूळ प्रतींचा जाहीर होतो (२०२५-२६ साठी अनुक्रमे ७,७१० आणि ८,११० रुपये क्विंटल) आणि इतर प्रतींचे भाव त्यावरून ठरतात. बाजार समितीच्या आवारात ओलावा, कवडी (किडका, डागाळलेला कापूस) आणि कचरा पाहून बोली लागते. खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावातच करतो त्या खरेदीत, तेवढेही पाहिले जात नाही. सकाळी वीस गाड्या आल्या तर वीस शेतांचा कापूस दुपारपर्यंत एका गंजीत मिसळलेला असतो. उद्या एखाद्या गावाने निष्ठेने बनी पिकवला, तरी त्याच गंजीत त्याचा शेवट होईल आणि दुसऱ्या वर्षी ते गाव पुन्हा बीटीचे पाकीट घेईल.

येथे एक अनुकूल गोष्ट सांगितली पाहिजे. बनी हा देशी जातीचा, म्हणजे २६ गुणसूत्रांचा कापूस आहे आणि बीटी कपाशी ५२ गुणसूत्रांची, त्यामुळे शेजारच्या बीटीपासून त्याचा संकर सहसा होत नाही. शेतात त्याची शुद्धता बऱ्यापैकी सुरक्षित राहते; ती जाते गोदामात आणि जिनमध्ये, आणि तेथील सरकी बियाणे म्हणून परतली की पुढचे पीकही बिघडते. देशी कपाशी रसशोषक किडींना आणि पावसाच्या खंडाला चांगली तोंड देते, हीदेखील कोरडवाहू शेतकऱ्यासाठी लहान बाब नव्हे. मात्र तिचे बोंड लहान असते आणि फुटल्यावर कापूस खाली गळतो, म्हणून वेचे लवकर लवकर करावे लागतात. वेचणीच्या मजुरीचा हा जादा खर्च भावात धरला नाही, तर पुनरुज्जीवन कागदावरच राहील.

बांगलादेशाने ढाक्याच्या मलमलीचा ‘फुटी कार्पास’ शोधण्याचे जे काम हाती घेतले, ते यासाठी पाहण्यासारखे आहे. त्यांनी झाडाच्या शोधाबरोबरच तलम सूत कातणारे हात आणि विणणारे माग यांचाही विचार केला, आणि २०२० मध्ये त्या मलमलीला भौगोलिक मानांकन मिळवून घेतले. आपल्याकडे नागपूरचे हलबा कोष्टी विणकर आहेत, वर्ध्यात १९३८ सालापासून मगन संग्रहालय आहे आणि सेवाग्रामच्या परिसरात खादीचे काम चालू आहे. बनीचा पहिला ग्राहक मोठ्या गिरणीपेक्षा येथेच मिळण्याची शक्यता मला अधिक वाटते.

संस्थाही आपल्या दारातच आहेत. पांजरीच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडे कापसाच्या वाणांचा फार मोठा संग्रह आहे, सिरकॉट या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र अमरावती मार्गावर वाडीला आहे, आणि परभणीच्या मेहबूब बाग संशोधन केंद्राने लांब धाग्याचे देशी वाण विकसित केलेले आहेत. जुना बनी जसाच्या तसा परवडत नसेल, तर या नव्या देशी वाणांशी त्याचा संकर करण्यास माझी हरकत नाही. फक्त कोणता कापूस कोणत्या नावाने विकला जातो, हे गाठीवर खरे लिहिलेले असावे. ‘कस्तुरी कॉटन भारत’ या भारतीय कापसाच्या ब्रँडच्या योजनेत गाठीचा माग ठेवण्याची पद्धत तयार आहेच, ती जिनच्या मागे शेतापर्यंत नेता येईल.

म्हणून माझी संबंधितांना विनंती अशी, की हिंगणघाट आणि समुद्रपूर तालुक्यांतील मोजकी गावे निवडून तेथे येत्या मृगाच्या आधी खरेदीदाराचे नाव, धाग्याच्या तपासणीवर ठरणारा जादा भाव आणि वेचणीची वाढीव मजुरी लेखी जाहीर करावी. त्या गावांच्या कापसासाठी एक जिन ठरावीक दिवस रिकामे, साफ करून राखून ठेवावे. आणि तेथे निघालेली सरकी तेलघाणीकडे न जाऊ देता संशोधन संस्थेने तपासून बियाण्यासाठी परत द्यावी. बियाणे वाटपाचा कार्यक्रम हे सर्व लेखी झाल्यानंतर ठेवावा.

आपला नम्र,
एक निवृत्त कापूस प्रतवारीकार,
नागपूर